४.३ स्टारचं हॉटेल खरंच चांगलं असतं का? रेटिंग, पनीर आणि बिलामागचं गणित समजून घ्या

रविवारी संध्याकाळी घरात एकच प्रश्न असतो, आज जेवायला कुठे जायचं? मग कुणीतरी मोबाईल काढतं, मॅप उघडतं आणि सुरू होतं, "हे ४.१ आहे, नको. हे बघ ४.६, पण रिव्ह्यू फक्त ३८. हे ४.३ आणि तीन हजार रिव्ह्यू, चला!" दहा मिनिटांत अख्ख्या कुटुंबाचा निर्णय होतो. तोही अशा लोकांच्या मतावर, ज्यांना आपण आयुष्यात कधी भेटलेलो नाही.

मागच्या महिन्यात आम्हीही असंच एक ४.५ वालं हॉटेल शोधलं. (मराठीत आपण रेस्टॉरंटलाही हॉटेलच म्हणतो, इथेही तसंच म्हणू.) टेबलावर बसलो तर पाण्याच्या ग्लासच्या आधी समोर आलं एक कार्ड. त्यावर क्यूआर कोड आणि खाली ओळ, "५ स्टार रिव्ह्यू द्या, सोलकढी फ्री मिळवा." अजून ऑर्डर दिली नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या मुलांनी मात्र जेवण येण्याआधीच रिव्ह्यू टाकून सोलकढी प्यायलीसुद्धा. जेवण कसं होतं? ठीक होतं. ४.५ वगैरे नव्हतं.

त्या दिवसापासून डोक्यात एक प्रश्न घोळतोय. हा जो आकडा बघून आपण पैसे खर्च करतो, तो नक्की कशाचा आकडा आहे? चवीचा? मालाच्या दर्जाचा? वेटरच्या वागण्याचा? की फुकटच्या सोलकढीचा?

आज हेच समजून घेऊ.

एका आकड्यात तीन वेगळ्या गोष्टी

कोणत्याही हॉटेलचे वीस-पंचवीस रिव्ह्यू वाचा. त्यात मुख्यतः तीन प्रकारची मतं दिसतील.

पहिलं, चव. "मिसळ लय भारी", "रस्सा पांचट होता", "बिर्याणीत मसाला कमी."

दुसरं, घटक पदार्थ. "पनीर रबरासारखं", "तेल जुनं वाटलं", "चीज खरं नव्हतं."

तिसरं, सर्व्हिस. "अर्धा तास कुणी विचारलं नाही", "दादांनी खूप प्रेमाने वाढलं", "सर्व्हिस चार्ज जबरदस्तीने लावला."

या तिन्ही गोष्टी एकमेकींपेक्षा पूर्ण वेगळ्या आहेत. चव हे मत आहे. त्यात कुणी बरोबर किंवा चूक नसतं. पनीर दुधाचं आहे की नाही, हे मात्र मत नाही. त्याला एकच खरं उत्तर आहे, फक्त ते जिभेवर कळतंच असं नाही. आणि सर्व्हिसमध्ये एका बाजूला आपला ग्राहक म्हणून हक्क आहे, तर दुसऱ्या बाजूला ताट वाढणाऱ्या माणसाचा रोजगार आहे.

ॲप या तिन्ही गोष्टी एकाच भांड्यात ढवळतं आणि आपल्याला देतं ४.३. त्यातच पार्किंगचा राग मिसळतो. एखाद्या छोट्या मिसळवाल्याला "गाडी लावायला जागा नाही" म्हणून १ स्टार मिळतो. मालवणी खानावळीला "तीन वाजता गेलो तर बंद" म्हणून १ स्टार. आणि सावजी हॉटेलला "खूपच तिखट" म्हणून १ स्टार! सावजीत जाऊन तिखटाची तक्रार करणं म्हणजे समुद्रावर जाऊन पाणी खारट आहे म्हणण्यासारखं. पण आकड्याला ते कळत नाही. त्याच्यासाठी १ म्हणजे १.

आकडा तयार कसा होतो?

साधं गणित बघू. समजा एका नव्या हॉटेलचे ४० रिव्ह्यू आहेत आणि सरासरी ४.५. आता एकाने १ स्टार दिला. नवी सरासरी होते ४.४१, म्हणजे स्क्रीनवर ४.४. एका माणसाने आकडा हलवला.

आता तेच जुन्या, मोठ्या हॉटेलचं बघा. रिव्ह्यू २,०००, सरासरी ४.५. तिथे कुणी १ स्टार दिला तर सरासरी होते ४.४९८. स्क्रीनवर अजूनही ४.५. काहीच झालं नाही.

उलटही खरं आहे. ३० रिव्ह्यू आणि ३.६ सरासरी असलेल्या हॉटेलने मित्र-नातेवाइकांकडून २० वेळा ५ स्टार घेतले, तर ते थेट ४.२ वर जातं. एका रात्रीत "नको रे" वरून "चल जाऊ" पर्यंत. पण १,००० रिव्ह्यू असलेल्या ३.६ च्या हॉटेलने तेच केलं तर ते ३.६ वरच राहतं.

म्हणजे पहिला धडा सोपा आहे. आकडा एकटा वाचू नका, त्याच्या शेजारच्या कंसातली रिव्ह्यूंची संख्याही वाचा. ३८ रिव्ह्यूंचा ४.६ आणि तीन हजारांचा ४.३ यांत दुसरा जास्त भरवशाचा आहे.

हे झालं साधं सरासरीचं गणित. प्रत्येक ॲप नेमकं असंच मोजतं असं मात्र समजू नका. काही ॲप नव्या रिव्ह्यूंना जास्त वजन देतात, काही संशयास्पद रिव्ह्यू मोजणीतून वगळतात. पूर्ण सूत्र कुणीच उघड करत नाही, कारण सूत्र कळलं की त्याला फसवणं सोपं होतं. पण तत्त्व तेच. रिव्ह्यू कमी असतील तर आकडा डगमगता.

आणखी एक गोष्ट. रिव्ह्यू लिहितं कोण? तुम्ही शेवटचा रिव्ह्यू कधी लिहिला ते आठवा. बहुतेक तुम्ही एक तर खूप खूश होता किंवा खूप चिडलेले होता. "ठीकठाक जेवण, ठीकठाक सर्व्हिस" असं वाटल्यावर कुणी मोबाईल काढून चार ओळी टाइप करत बसत नाही. त्यामुळे रिव्ह्यूंचा आलेख काढला तर ५ स्टारला उंच डोंगर, १ स्टारला छोटी टेकडी आणि मध्ये दरी असा दिसतो. अभ्यासक त्याला इंग्रजी 'जे' अक्षरासारखा आलेख म्हणतात. म्हणजे जे रोज येऊन शांतपणे जेवून जातात, त्या लोकांचं मत या आकड्यात जवळपास नसतंच.

एवढ्याशा आकड्याने काय फरक पडतो?

खूप पडतो. अमेरिकेत यावर नीट अभ्यास झाले आहेत. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकल लुका यांनी सिएटलमधल्या रेस्टॉरंटचे येल्प या साइटवरचे रेटिंग आणि त्यांचा महसूल यांची तुलना केली. एक स्टार वाढला की महसूल ५ ते ९ टक्के वाढतो, असं त्यांना आढळलं. पण गंमत पुढे आहे. हा परिणाम स्वतंत्र, छोट्या रेस्टॉरंटवर दिसला. मोठ्या साखळी ब्रँडवर नाही. कारण सरळ आहे. मोठ्या ब्रँडचं बर्गर कसं असतं हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. छोट्या खानावळीबद्दल अनोळखी माणसाकडे तो आकडा सोडून दुसरी माहितीच नसते.

दुसरा अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमधल्या मायकल अँडरसन आणि जेरेमी मॅग्रूडर यांचा, २०१२ साली प्रसिद्ध झालेला. येल्प तेव्हा सरासरी अर्ध्या स्टारपर्यंत राउंड करून दाखवायचं. म्हणजे जवळपास सारखीच सरासरी असलेल्या दोन हॉटेलांपैकी एक ३.५ दिसायचं आणि दुसरं ४. या दिसण्यातल्या अर्ध्या स्टारमुळे टेबलं पूर्ण बुक होण्याचं प्रमाण १९ टक्के-अंकांनी वाढत होतं. म्हणजे शंभर संध्याकाळींपैकी आणखी १९ संध्याकाळी हॉटेल फुल्ल! स्वयंपाकघर तसंच, आचारी तसाच, फक्त राउंडिंगचा फरक.

आता कल्पना करा, कर्ज काढून गावाबाहेर हायवेला खानावळ टाकलेल्या जोडप्याची. रिव्ह्यू पंचवीस. त्यात कुणी पार्किंगच्या रागातून १ स्टार टाकला, तर त्याची किंमत ते जोडपं रोज मोजतं. आपण मात्र दोन सेकंदांत बोट दाबून पुढे गेलेलो असतो.

जिथे पैसा, तिथे खोटेपणा

आकड्यावर एवढे पैसे अवलंबून असतील तर तो विकत घ्यायला लोक येणारच. याचं सगळ्यात भन्नाट उदाहरण लंडनचं आहे. २०१७ मध्ये ऊबा बटलर नावाच्या पत्रकाराने आपल्या घरामागची शेड 'द शेड ॲट डलिच' या नावाने ट्रिपॲडव्हायझरवर रेस्टॉरंट म्हणून नोंदवली. तिथे जेवण मिळत नव्हतं. साइटवरचे पदार्थांचे फोटो शेव्हिंग फोम वगैरे वापरून काढलेले होते. मित्रांनी खोटे रिव्ह्यू लिहिले आणि काही महिन्यांत, हे अस्तित्वातच नसलेलं रेस्टॉरंट लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. लोक टेबल बुक करायला फोन करत होते!

तेव्हा ते एका माणसाचं प्रँक होतं. आज तो धंदा आहे. गुगलने स्वतः दिलेल्या माहितीनुसार, नियम मोडणारे २४ कोटींहून जास्त रिव्ह्यू त्यांनी एकट्या २०२४ सालात अडवले किंवा काढून टाकले.

मग आमच्या सोलकढी कार्डाचं काय? गुगलच्या नियमांनुसार डिस्काउंट, पैसे किंवा फुकट वस्तू देऊन रिव्ह्यू लिहून घेणं चालत नाही. फक्त खूश ग्राहकांनाच निवडून रिव्ह्यू मागणंही चालत नाही. तरी टेबलाटेबलावर ती कार्डं दिसतात, कारण टेबलावर काय ठेवलंय हे गुगलला दिसत नाही. सरकारनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी 'आयएस १९०००' हे भारतीय मानक आणलं. पण ते ऐच्छिक आहे, पाळलंच पाहिजे असं नाही.

रील्सचंही तसंच. "गाइज, पुण्यातली सगळ्यात चीझी पावभाजी!" असं म्हणणारा माणूस स्वतःच्या पैशाने खातोय की पैसे घेऊन? जानेवारी २०२३ पासून ग्राहक व्यवहार विभागाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की पैसे, मोफत जेवण किंवा इतर फायदा घेतला असेल तर इन्फ्लुएन्सरने ते स्पष्ट, ठळक सांगितलं पाहिजे. नोव्हेंबर २०२३ च्या 'डार्क पॅटर्न'विषयीच्या सूचनांमध्येही जाहिरात साध्या पोस्टसारखी सजवून दाखवणं हा एक गैरप्रकार म्हणून नोंदवला आहे. तेव्हा पुढची रील बघताना 'जाहिरात' किंवा 'पेड पार्टनरशिप' असं कुठे लिहिलंय का ते शोधा. नसेल आणि तरी माणूस हॉटेलच्या मालकाच्या गळ्यात गळा घालून उभा असेल, तर काय ते समजून घ्या.

सावध! "हॉटेलला रेटिंग द्या, पैसे कमवा"

इथे थोडं थांबून वाचा, कारण हा भाग थेट तुमच्या बँक खात्याचा आहे.

व्हॉट्सॲपवर मेसेज येतो. "पार्ट टाइम जॉब. गुगल मॅपवर हॉटेलांना ५ स्टार द्यायचे, एका रिव्ह्यूचे ५० रुपये." तुम्ही तीन रिव्ह्यू टाकता, खरंच १५० रुपये येतात. विश्वास बसतो. मग टेलिग्राम ग्रुपमध्ये घेतात. तिथे बाकीचे 'मेंबर' हजारोंच्या कमाईचे स्क्रीनशॉट टाकत असतात. ते सगळे बहुतेक त्याच टोळीचे. मग येतं 'प्रीपेड टास्क'. आधी २,००० भरा, २,८०० मिळतील. मिळतातही. मग १०,०००. मग ५०,०००. त्यानंतर पैसे अडकतात आणि ते सोडवायला आणखी पैसे मागतात.

महाराष्ट्रातल्या शहरांत या 'टास्क फ्रॉड'च्या पोलीस तक्रारी सतत येत असतात. फसणाऱ्यांत कॉलेजची मुलं आहेत तशी आयटीतली माणसंही आहेत. लक्षात ठेवा, पहिले १५० रुपये हे पगार नसतात, ते गळाला लावलेलं आमिष असतं. काम मिळवण्यासाठी किंवा केलेल्या कामाचे पैसे मिळवण्यासाठी आधी पैसे भरायला सांगितले, की तिथेच थांबा. फसलात तर लाज बाळगू नका. लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे पुढे जाण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

पनीरचं काय? इथे स्टार कामाचे नाहीत

आता दुसऱ्या प्रकाराकडे येऊ, घटक पदार्थ.

ऑक्टोबर २०२४ मध्ये एक स्क्रीनशॉट व्हायरल झाला. हॉटेलांना किराणा आणि कच्चा माल पुरवणाऱ्या झोमॅटोच्या हायपरप्युअर या सेवेवर 'ॲनालॉग पनीर' अशी नोंद दिसत होती. लोक भडकले. पण इथे एक बारकावा आहे. ॲनालॉग म्हणजे दुधातल्या घटकांच्या जागी, थोड्या किंवा पूर्ण प्रमाणात, दुसरे घटक वापरून केलेला पदार्थ. उदाहरणार्थ दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल. असा पदार्थ बनवणं आणि विकणं बेकायदा नाही, अट एवढीच की त्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. त्या वेबसाइटवर ते लिहिलेलं होतंच.

खरा गोंधळ होतो पुढच्या पायरीवर. हॉटेलवाला पाकीट घेतो तेव्हा त्याला लेबल दिसतं. तुकडे होऊन ग्रेव्हीत पडल्यावर लेबल डस्टबिनमध्ये जातं. मेनूकार्डवर उरतं फक्त 'पनीर बटर मसाला'. म्हणजे माहिती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येते आणि तिथेच थांबते. पैसे देणाऱ्या तुम्हाला मात्र ती कळतच नाही.

मग घरच्या घरी टेस्ट करायची का? एप्रिल २०२५ मध्ये मुंबईतल्या एका सेलिब्रिटीच्या रेस्टॉरंटमध्ये एका यूट्यूबरने पनीरवर आयोडीन टाकलं. ते काळं झालं आणि व्हिडिओ व्हायरल. रेस्टॉरंटचं म्हणणं होतं, की ही टेस्ट स्टार्च दाखवते, पनीर खरं की खोटं हे नाही, आणि त्या डिशमध्ये सोयाचे घटक होते.

शास्त्र काय सांगतं? आयोडीन स्टार्चला लागलं की निळं-काळं होतं, हे आपण शाळेत बटाट्यावर करून पाहिलंय. म्हणजे ही टेस्ट स्टार्च आहे की नाही एवढंच सांगते. ग्रेव्हीतलं कॉर्नफ्लोअर पनीरला चिकटलं असेल तरी रंग बदलेल. आणि पनीरमध्ये स्टार्च न टाकता फक्त वनस्पती तेल वापरलं असेल, तर रंग बदलणारच नाही! म्हणजे ही टेस्ट चांगल्याला वाईट ठरवू शकते आणि वाईटाला चांगलं. तेलाचा प्रकार ओळखायला प्रयोगशाळाच लागते.

म्हणून पनीरच्या बाबतीत "५ स्टार, पनीर एकदम सॉफ्ट" या रिव्ह्यूचा काही उपयोग नाही. ॲनालॉगही सॉफ्टच असतं. मग तुमच्या हातात काय आहे?

- विचारा. "दादा, पनीर दुधाचं आहे की ॲनालॉग?" हा प्रश्न विचारण्यात काही कमीपणा नाही. दहा टेबलांवरून रोज हा प्रश्न आला तर मेनूकार्ड आपोआप बदलेल.
- बिलावरचा एफएसएसएआय नंबर बघा. १४ आकडी असतो. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. आकडा १ ने सुरू होत असेल तर परवाना, २ ने सुरू होत असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. 'फूड सेफ्टी कनेक्ट' या सरकारी ॲपवर नंबर टाकून तो खरा आहे का ते पाहता येतं आणि तिथूनच तक्रारही करता येते.
- कॅलरी बघा. १० किंवा जास्त शाखा असलेल्या साखळी रेस्टॉरंटनी मेनूवर पदार्थांच्या कॅलरी दाखवणं जुलै २०२२ पासून गरजेचं आहे. दिसत नसतील तर मागा.

सर्व्हिस: वेटरचं रेटिंग आणि बिलातली ती एक ओळ

हल्ली रिव्ह्यूंमध्ये एक नवी गोष्ट दिसते. चव, पदार्थ याबद्दल चकार शब्द नाही, फक्त "अमुक दादांनी खूप छान सर्व्ह केलं" आणि ५ स्टार. असे एकाखाली एक पंधरा रिव्ह्यू. कारण तुम्हालाही अनुभव असेल. बिल देताना वेटर हळूच म्हणतो, "सर, रिव्ह्यूमध्ये माझं नाव टाका ना." काही ठिकाणी नावाच्या उल्लेखावर इन्सेंटिव्ह असतो, काही ठिकाणी नाव आलं नाही तर मॅनेजरची बोलणी.

त्या मुलाचा राग येऊ देऊ नका. तो आपली नोकरी सांभाळतोय. पण या प्रकाराने दोन गोष्टी होतात. एक, समोर बसून आग्रह करणाऱ्या माणसाला कुणी ३ स्टार देत नाही, म्हणून आकडा फुगतो. दोन, मालकाचं काम वेटरच्या अंगावर जातं. जेवण उशिरा आलं कारण स्वयंपाकघरात माणसं कमी आहेत, पण वाईट रिव्ह्यू पडतो वाढणाऱ्याच्या नावावर. डिलिव्हरी ॲपवर जेवण आणि रायडर यांना वेगवेगळं रेटिंग देता येतं, ते त्यामुळेच नीट वापरा. हॉटेलने पार्सल द्यायला उशीर केला असेल तर रायडरचे स्टार कापू नका.

आता ती बिलातली ओळ, सर्व्हिस चार्ज. यावर बरीच वर्षं भांडण सुरू आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलं, की हॉटेलने सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही लावायचा नाही आणि तो देणं ऐच्छिक आहे हे ग्राहकाला सांगायचं. हॉटेल संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, स्थगिती मिळाली. शेवटी २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने या सूचना योग्य ठरवल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी १ लाख रुपये भरायला सांगितले. त्याविरुद्ध संघटनांनी अपील केलं.

रकमेत फरक किती? समजा जेवण १,००० रुपयांचं.

- सर्व्हिस चार्ज नसेल तर: १,००० + ५ टक्के जीएसटी ५० = १,०५० रुपये
- १० टक्के सर्व्हिस चार्ज असेल तर: १,१०० + त्यावर जीएसटी ५५ = १,१५५ रुपये

म्हणजे ऐच्छिक असलेल्या रकमेवर तुम्ही टॅक्सही भरलात. आवडीने द्यायचंच असेल तर थेट वाढणाऱ्या दादांच्या हातात टिप द्या. बिलातली रक्कम त्यांच्यापर्यंत किती पोहोचते, हे बिल सांगत नाही.

जीएसटीचंही एक बघून घ्या. छोटी हॉटेलं अनेकदा 'कंपोझिशन' योजनेत असतात. त्यांना ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही आणि बिलावर तसं लिहावं लागतं. शिवाय जीएसटी नंबर १५ अक्षर-आकड्यांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७ आणि गोवा ३०. टॅक्स घेतलाय पण नंबरच छापलेला नाही, तर विचारायलाच हवं. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५.

आणि हो, मेनू बघायला किंवा बिल द्यायला "आधी मोबाईल नंबर टाका" म्हणत असतील तर नकार देता येतो. मे २०२३ मध्येच ग्राहक व्यवहार मंत्रालयाने सांगितलंय, की ग्राहकाने नंबर दिला नाही म्हणून सेवा नाकारू नका. वरणभात खायला ओटीपी कशाला लागतो?

मग रिव्ह्यू वाचायचे कसे आणि लिहायचे कसे?

रेटिंग पूर्णपणे फेकून द्या असं अजिबात म्हणणं नाही. अनोळखी गावात रात्री नऊ वाजता तेच कामाला येतं. फक्त वाचायची पद्धत बदला.

वाचताना:

1. आधी संख्या, मग सरासरी. ५० पेक्षा कमी रिव्ह्यू असतील तर आकड्याकडे अंदाज म्हणूनच बघा.
2. मॅपवर 'नवे आधी' असा क्रम लावा. आचारी बदलला की दोन वर्षांपूर्वीचे ५ स्टार काही कामाचे नाहीत.
3. थेट २, ३ आणि ४ स्टारवाले वाचा. तिथे लोक भांडत नाहीत आणि आरतीही ओवाळत नाहीत, तपशील देतात.
4. रिव्ह्यूंमध्ये सर्च करा. 'सुरमई', 'जैन', 'व्हीलचेअर', जे तुम्हाला हवंय ते टाका. मित्राच्या ४.३ पेक्षा तुमच्या गरजेचं उत्तर महत्त्वाचं.
5. एकाच आठवड्यात सारख्या भाषेतले वीस ५ स्टार दिसले आणि लिहिणाऱ्यांचा तो एकमेव रिव्ह्यू असला, तर पुढचं हॉटेल बघा.

लिहिताना:

1. चव, पदार्थ, सर्व्हिस वेगवेगळं लिहा. "रस्सा उत्तम, पाव शिळे, वाट २५ मिनिटं" या एका ओळीत तीन कोरड्या स्टारपेक्षा जास्त माहिती आहे.
2. जे अनुभवलं तेवढंच लिहा. "पनीर चिवट लागलं" हा तुमचा अनुभव आहे. "भेसळ करतात" हा आरोप आहे, आणि त्याला पुरावा लागतो. तसा संशय असेल तर रिव्ह्यू नव्हे, तक्रार करा आणि बिल जपून ठेवा.
3. मराठीत लिहा. रिव्ह्यू वाचणारी तुमच्या गावची माणसं आहेत.
4. छोट्या खानावळीत चांगलं जेवलात तर आवर्जून दोन ओळी टाका. मोठ्या ब्रँडला तुमच्या रिव्ह्यूने फरक पडत नाही. पंचवीस रिव्ह्यू असलेल्या काकूंना पडतो.

राहता राहिली आमची सोलकढी. आम्ही ती फुकट घेतली नाही, पैसे देऊन मागवली. जेवण झाल्यावर रिव्ह्यू मात्र लिहिला, ३ स्टार. "भाजी बरी, भाकरी गार, सर्व्हिस तत्पर. ऑर्डरच्या आधी ५ स्टार मागतात. सोलकढी मात्र खरंच ५ स्टार आहे, ती फुकट वाटायची गरज नाही."

दोन दिवसांनी मालकाचं उत्तर आलं. "धन्यवाद. भाकरीचं बघतो."

त्यानंतर आम्ही तिथे एकदा जाऊन आलो. भाकरी गरम होती. टेबलावरचं कार्ड अजून होतं.